फोटो चांगला आलाय

मुंबई, १२ ऑगस्ट १९३५

तीर्थरूप आजीस वाळूचा नमस्कार. दोन्ही हात जोडता येत नाहीत, उजवा छातीशी बांधून ठेवलाय, म्हणून हा एका हाताचा समज.

अक्षर माझं नाही हे तू ओळखलंच असशील. लिहितोय नजीर, आमच्या सर्कशीत झुले बांधणारा, येवल्याचा. झुल्यावरून सुटून हवेत गिरकी घेते आणि माझ्या हातात येते ती ताहेरा, त्याची धाकटी बहीण. मालकांनी सोबतीला त्यालाच ठेवलंय.

तुला आधी कळवलं नाही. खांदा वर्षभर निखळत होता. पहिल्यांदा झुल्यावर, मग आंघोळीचा तांब्या उचलताना, मग तर झोपेत कूस बदलली तरी. दर वेळी कुणीतरी काखेत टाच रोवायची आणि हात ओढून जागेवर बसवायचा. पावसाळ्यात तंबू बंद, म्हणून मालकांनी इथल्या मोठ्या इस्पितळात आणलं. डॉक्टर विलायतेहून नवी शस्त्रक्रिया शिकून आलेत. दंडाच्या हाडाला वर गोळा असतो, त्याला आरपार भोक पाडलं. दंडातली एक दोरीसारखी शीर कापली, त्या भोकातून ओवली आणि परत शिवली. आता गोळा खोबणीतून सुटायचा नाही. तुझ्या भाषेत सांगायचं तर फूल दोऱ्यात ओवलं.

दसऱ्यानंतर सर्कस सुरू होईल तोवर मी उभा राहीन. काळजी करू नकोस.

तुझा वाळू

आजी, सलाम. भूल उतरताना वाळूनं ज्या शिव्या दिल्या त्या सगळ्या तुमच्याकडून शिकलो म्हणतो. सिस्टरबाई कानात बोटं घालून पळाल्या. नजीर.


नाशिक, पंचवटी, श्रावण वद्य दशमी

वाळूस नवसाबाईचा आशीर्वाद, लागेल तेवढा घे.

पत्र माझं मीच वाचलं. सकाळची फुलं विकून होईपर्यंत अर्धं झालं, बाकीचं दुपारी. गोटीराम मास्तरानं रात्रीच्या शाळेत म्हाताऱ्या बायांना अक्षरं शिकवली त्याचा हा उपयोग, नातवानं हाड फोडून घेतलं ते आपल्या आपण वाचता आलं.

मला विचारायला हवं होतंस असं मी म्हणत नाही. मी नको म्हटलं असतं आणि तू गेलाच असतास. पण फूल ओवण्याचं मला सांगू नकोस. माझी उमर गेली त्यात. दोरा कुठं तुटतो माहीत आहे का? मधे नाय तुटत. भोकाच्या काठाशी तुटतो, जिथं घासतो तिथं. झेंडूचा देठ मऊ, तरी तुटतो. हाडाचं काय? हे डॉक्टरला विचार. माझं नाव सांगून विचार, लाजू नकोस.

त्या नजीरचं अक्षर बरं आहे. सगळी ओळ लिहून झाली की वरची रेघ एका दमात ओढतो, मागावरचा धागा ताणल्यासारखी. तुझ्या कोंबडीच्या पायांसारख्या अक्षरापेक्षा वाचायला सोपं.

ताहेरा किती मोठी आहे? लग्न झालंय का? उगीच विचारलं.

नवसाबाई


मुंबई, २१ सप्टेंबर १९३५

तीर्थरूप आजीस,

हे अक्षर माझं. वाकडं आहे, पण उजव्या हाताचं आहे!

काल खांद्याचा फोटो काढला. अंधाऱ्या खोलीत थंडगार टेबलावर निजवतात, वरून एक भोंगा आणतात, "श्वास धर" म्हणतात आणि स्वतः भिंतीमागे जाऊन लपतात. गुंऽऽ असा आवाज होतो, बास. मग नजीर आणि मी बाहेर बाकावर. बराच वेळ कुणी येईना. मला वाटलं, संपलं आपलं. शेवटी तो फोटोवाला ओली काच धरावी तसा फोटो धरून बाहेर आला, उजेडाकडे केला आणि म्हणाला, "वा, फोटो चांगला आलाय!"

आजी, मी नजीरला डाव्या हातानं उचलला. त्यानं लगेच मालकांना कळवलं, फोटो चांगला आला. ताहेरालाही लिहिलं.

फोटो डॉक्टरांनी मला दिलाय. तुझ्याकडे पाठवतो, जपून ठेव. उजेडाकडे धरून बघ. नातवाचं आतलं बघणारी नाशकात तू पहिलीच असशील.

वाळू


नाशिक, आश्विन शुद्ध पंचमी

वाळूस,

हाडं पोचली.

पोस्टमन दारात ओरडला, मुंबईहून काय आलंय? मी म्हटलं, वाळूची हाडं. मला काय ठाऊक शेजारची सखुबाई भिंतीला कान लावून बसली आहे. तिनं जो गळा काढला! अर्धी आळी गोळा झाली. रामकुंडावरचे भटजी वाटेनं चालले होते, तेही थांबले, म्हणाले, विसर्जन कधी करायचं? मी म्हटलं, अजून खाऊनपिऊन आहे तो, दम धरा. रोज लोक कुठून कुठून हाडं घेऊन येतात, गाठोड्यावर माझा हार घालतात. पण जित्या माणसाची टपालानं आलेली मीही पहिल्यांदाच बघितली.

उन्हाकडे धरून बघितलं. पाण्यात काहीतरी बुडालंय आणि वरून बघतोय असं वाटलं. बरगड्या कळल्या, गोळा कळला. गोळ्यात भोक आहे, काळं, माझी हाराची मोठी सुई जाईल असं. आता सांग, दोरा कुठाय? उलटा करून बघितला, सुलटा करून बघितला. भोक दिसतं, दोरा दिसत नाय.

आणि फोटो चांगला आला म्हणजे काय रे? कोपऱ्यावरच्या नाथाचा फोटो किती चांगला आला होता, कोट घालून, खुर्चीवर. त्याच्या तेराव्याला तोच लावला. फोटो चांगला आला म्हणजे फोटो चांगला आला. खांदा चांगला आहे असं डॉक्टर म्हणाला का? माझ्या त्या प्रश्नाचं काय झालं, विचारलास की गिळलास?

दसऱ्याचा झेंडू तोडायचा आहे. उत्तर नीट लिही.

नवसाबाई


सोलापूर, ८ नोव्हेंबर १९३५

तीर्थरूप आजीस,

तू सोडणार नाहीस म्हणून लिहितो. विचारलं होतं मी. डॉक्टर म्हणाले, फोटोत हाडं उतरतात, शीर उतरत नाही. ती आत आहे असं आपण धरून चालायचं. "सांभाळून वापर," एवढंच म्हणाले.

मी सांभाळूनच वापरतोय. इथं तंबू ठोकल्यावर आधी नुसता गुडघ्यांनी उलटा लटकलो. मग नजीर माझ्या हातांना लोंबकळला. मग ताहेरा. झुला सोडून आली, गिरकी घेतली आणि हात हातात. खांदा हलला नाही. खाली जाळी असते, तेव्हा भीतीचं कारण नाही.

मी उभा राहिलो नसतो तर मालक सावळीरामला लटकवणार होते. सावळीराम म्हणजे हत्तीला आंघोळ घालणारा! ताहेरा म्हणते, वाळूचे हात दिसले तरच मी झुला सोडते. तिचं लग्न झालेलं नाही. तू उगीच विचारलं होतंस म्हणून उगीच सांगतो.

मालकांना तो फोटो हवाय. परत पाठव. नाही पाठवलास तर त्यांना वाटेल मी थाप मारली.

वाळू


नाशिक, कार्तिक वद्य प्रतिपदा

वाळूस,

सांभाळून वापर म्हणजे काय? नवं लुगडं आहे का ते? डॉक्टर एवढंच म्हणाला, की तू एवढंच ऐकलंस?

दुसरं एक विचारते. फोटोत शीर उतरत नाही हे त्या पोरीला सांगितलंस का? की तिलाही फोटो चांगला आला एवढंच ठाऊक? तुझं हाड तुझं आहे, त्याचं भजं कर नायतर भजन कर. पण झुला सोडते ती. हवेत तिच्या हाताला दुसरं काही नसतं.

सोबत तुझी हाडं. जाड पुठ्ठ्यात घालून पाठवली आहेत. घरात ठेवली तर सखुबाई जाता येता नमस्कार करते, मला वीट आला.

नवसाबाई


धुळे, १९ डिसेंबर १९३५

तीर्थरूप आजीस,

ताहेराला काय सांगायचं? वर चढणाऱ्याला असलं सांगत नसतात. मनात शंका घेऊन सुटली तर पापणी लवायच्या आत चूक होते. तेवढी पुरे असते. तिला काही ठाऊक नाही म्हणूनच ती नीट येते.

तू फोटो पाठवलास आणि माझं नशीब बघ! मालकांनी तो बिनकाचेच्या चौकटीत घालून तंबूच्या दाराशी टांगलाय. पाठीमागे गॅसबत्ती. खाली लाल अक्षरांत, "फुटला होता, आता पोलाद!" लोक खेळाआधी तासभर तिथंच उभे. मला शेजारी उभं करतात, मी हात वर करतो, टाळ्या पडतात. बाया तर फोटोला हात लावून तोच हात कपाळाला लावतात, तुझी सखुबाई काहीच नाही.

कधीकधी खांद्यात आवाज येतो. कट्. दुखत नाही. नवी वहाण कुरकुरते तसंच काहीतरी. थंडी पडली आहे इकडे.

मालेगावपासून जाळी काढणार. मालक म्हणतात, पोलादाला जाळी कशाला. मालेगाव झालं की नाशिक. तू ये. पहिल्या रांगेत बसवतो तुला, हार घेऊन ये.

वाळू


मालेगाव, २ जानेवारी १९३६

तीर्थरूप आजीस वाळूचा सा. नमस्कार.

तुझं पत्र नाही. तू रागावलीस की आजारी आहेस ते कळव. इकडे सर्व ठीक. बोटाला नखुरडं झालंय म्हणून नजीरकडून लिहवून घेतोय. जाळीशिवायचा पहिला खेळ भोगीच्या दिवशी. गावात दवंडी फिरली आहे. तोवर मी सराव बंद ठेवलाय, हात ताजा राहावा म्हणून.

फोटोपाशी रोज गर्दी. आता फक्त उभा राहतो, हात वर करत नाही. मालक म्हणतात, हात खेळातच दाखवू.

वाळू


नाशिक, पौष शुद्ध द्वादशी

मुद्दाम कार्ड घेतलंय, पाकीट नाही. पोस्टमन, मालक, हत्तीवाला, ज्याला वाचायचं त्यानं वाचावं.

वाळू, तुझ्याशी माझं काम नाही. नजीर, हे तूच वाचतो आहेस. वरची रेघ एका दमात ओढलेली बघितली आणि मला कळलं. इस्पितळात तू लिहायचास कारण याचा हात बांधलेला होता. आता का लिहितोस? याचं नखुरडं तू बघितलंस का? बोट सोडायला लाव. मग सदरा काढायला लाव.

त्या फोटोत भोक आहे, दोरा नाही. दोरा आहे की तुटला ते या फोटोवरून डॉक्टरलाही दिसत नाही, तो तसं म्हणालाही. ते फक्त वाळूला ठाऊक, आणि तो मरेस्तोवर सांगायचा नाही. त्याला मी वाढवलाय.

बहिणीला वर सोडण्याआधी तिच्या वजनाचं दुसरं काहीतरी सोड.

नवसाबाई, फुलवाली


मालेगाव, १२ जानेवारी १९३६

आजी, सलाम.

तुमचं कार्ड माझ्या हातात येण्याआधी निम्म्या तंबूनं वाचलं होतं. सगळे माझ्याकडे बघत होते, वाळूकडे कुणी बघत नव्हतं. मी ते त्याला मोठ्यानं वाचून दाखवलं. तो हसला. म्हणाला, "म्हातारी हार ओवून ओवून भ्रमली." मी म्हटलं, बोट दाखव. "बघायचं काय त्यात, पू आहे," म्हणाला. मी म्हटलं, बरं, सदरा काढ. म्हणाला, "नजीर, तू माझा भाऊ की माझ्या आजीचा?"

मग मी उठलो. रिंगणात टाकायचा लाकडाचा भुसा असतो, तो एका गोणीत भरला. घोड्यांच्या चाऱ्याच्या काट्यावर एका बाजूला गोणी, दुसऱ्या बाजूला ताहेरा. तिला वाटलं, नवीन खेळ बसवतोय. ती काट्यावर बसून पाय हलवत होती आणि मला चिडवत होती, "भाईजान, मला विकतोस का?" गोणीला दोन दोऱ्या बांधल्या, मनगटं असतात तितक्या जाड.

मालक होते, सगळे होते. मी म्हटलं, वाळू, ही एकदा झेल. मग झुला बांधतो. सगळ्यांसमोर त्याला नाही म्हणता येईना. वर गेला. गुडघे अडकवून उलटा लटकला, हात खाली सोडले. दोन्ही सोडले, पण उजवा जरा उशिरा आला. ते मला खालून दिसलं.

गोणी सोडली. त्यानं धरली, दोन्ही हातांनी, अगदी बरोबर धरली. झोका खाली आला आणि त्याचा उजवा हात लांब झाला. ओरडला नाही तो. गोणी सुटली आणि रिंगणाच्या कडेला लाकडी फळीवर पडून फुटली. भुसा इतका उडाला की बत्त्या दिसेनाशा झाल्या. जाळी त्या दिवशी मी मुद्दाम बांधली नव्हती.

ताहेरा माझ्याशेजारी उभी होती. ती चालत गेली आणि त्या फुटलेल्या गोणीशी उभी राहिली. केसांवर भुसा. तिनं वर बघितलं. वाळू उलटा लटकून होता, एक हात दुसऱ्यापेक्षा लांब. दोघं एकमेकांकडे बघत होते.

खाली उतरवून सदरा कापला. दंडाची बेटकुळी घसरून कोपराशी आली होती. शीर धुळ्यालाच तुटली होती, आजी, त्या थंडीच्या दिवसांत. मग त्यानं सांगितलं. मुंबईत डॉक्टरांनी झुला कायमचा बंद म्हणून बजावलं होतं. मी तेव्हा चहा आणायला गेलो होतो.

मालकांनी आम्हा तिघांना कायमची रजा दिली. फोटो मात्र दिला नाही, म्हणाले, तंबूचा आहे. आम्ही येवल्याला चाललो. वाळूला इथल्या डॉक्टरानं हात बसवून बांधून दिलाय. तो जेवतो, झोपतो. ताहेरा खोलीत आली की भिंतीकडे तोंड करतो.

नजीर


नाशिक, रथसप्तमी

वाळूस,

तू लिहीत नाहीस तरी मी लिहिते. मला रुसवा परवडत नाही, माझी अक्षरं विसरतील.

सर्कस आली. नदीपलीकडे तंबू आहे. मी हारांची टोपली घेऊन गेले, फुलवालीला कुठंही कुणी अडवत नाही. दाराशी तुझी हाडं लटकलेली. मागे बत्ती, खाली तीच लाल अक्षरं. आणि शेजारी तो हत्तीवाला सावळीराम, अंगात तुझा तो जरीचा सदरा असावा, काखेत उसवलेला होता. ओरडणारा ओरडत होता की हा खांदा या सावळीरामचाच.

मी विचारलं, "बाबा, हा फोटो तुझा?" म्हणाला, "मालक म्हणतात माझा." लोकांना दाखवायला हात वर केला, खाली आणला, आणि डाव्या हातानं खांदा चोळला. मी विचारलं, दुखतो का? म्हणाला, "थंडी आहे, आजी."

नवी पोरगी तिथंच होती. चमकीचे कपडे, ओठ रंगवलेले, नाकाला शेंबूड. कुठली म्हटलं तर देवळ्याकडची म्हणाली, नाव सांगताना लाजली. मी विचारलं, जाळी असते ना गं खाली? "आधी असते, शेवटच्या उडीला काढतात," म्हणाली, आणि मला फोटो दाखवायला लागली. सगळ्यांना दाखवत असेल. "बघा ना आजी, हाडंसुद्धा दिसतात. चांगला आलाय ना फोटो?"

टोपलीत माझी मोठी सुई होती. मी ती काढली, पांढरा दोरा घातला आणि त्या गोळ्यातल्या काळ्या भोकातून आरपार घातली. टर्र करून गेली, जाड पानासारखी. दोरा ओढला, घासला आणि दातानं तोडला. अर्धा इकडे लोंबतोय, अर्धा तिकडे. मागून बत्तीचा उजेड, लांबूनही स्वच्छ दिसत होता.

पोरगी म्हणाली, "अहो, हे काय केलंत?"

मी म्हटलं, "फोटोत येत नाही ते आहे हे. आतली शीर, तुटलेली."

सावळीराम चोळता चोळता थांबला. तो बघत होता, ती बघत होती. आत बाजा सुरू झाला, कुणीतरी त्या पोरीला नावानं हाक मारली, परत मारली. ती हलली नाही. मग मालकाचा माणूस माझ्या अंगावर धावून आला आणि मी टोपली उचलून निघाले. पुढचं मला ठाऊक नाही. रात्रभर कान नदीकडे होते. बाजा ऐकू आला. टाळ्या ऐकू आल्या नाहीत.

ताहेराला म्हणावं, हार करायला माणूस लागतो मला, सण आले. ती आली तर तूही येशील.

डाव्या हातानं उत्तर लिही. वाकडं येऊ दे. चांगलं यायला नको.

नवसाबाई